अंगठा माझा मीच देईन

वडवणीजवळच्या धनगरवाडीत साखराबाईला सगळे शंकेखोर म्हणायचे. निदान दवाखान्याच्या बाबतीत तरी तिच्या शंकेला कारण होतं. तिची जाऊ कडूबाई पोटातली गाठ काढायला गेली आणि गर्भपिशवीच काढून परत आली. संमतीच्या कागदावर अंगठा नवऱ्यानं दिला होता. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

एका दुष्काळात साखराबाई नवरा आणि जावेबरोबर जनावरं घेऊन सहकारी संस्थेच्या चारा छावणीत राहत होती. तिथंच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. संस्थेच्या दवाखान्यातले मोहनराव डॉक्टर म्हणाले, पिशवीच्या बाजूला गाठ आहे, काढावी लागेल.

"चारा त्येंचा, पाणी त्येंचं, आता पोटबी त्येंच्याच हातात," ती नवऱ्याला म्हणाली.

धुळाजी शाईच्या डबीकडं हात नेत होता. तिनं तो धरला. "अंगठा माझा मीच देईन. डॉक्टर, काय काढनार?"

"फक्त गाठ."

"आन् आत गेल्यावर पिशवी खराब दिसली तर?"

"तर तिथंच तुम्हाला विचारू. कमरेखाली बधिर करणार आहोत, तुम्ही जाग्याच असाल."

कागद दोनदा वाचून घेऊन तिनं अंगठा दिला.

ऑपरेशनच्या खोलीत तिच्या तोंडापुढं हिरवा पडदा लावला. दिसत काही नव्हतं, म्हणून ती कान देऊन पडून राहिली. बऱ्याच वेळानं वच्छला सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, एक कमी आहे."

"नीट मोजा."

"मोजलं सर. कमीच आहे."

एक मशीन ढकलत आणलं. "काय कमी हाय?" साखराबाईनं विचारलं. "काही नाही, झोपा," डॉक्टर म्हणाले. पोटात पुन्हा ओढाताण सुरू झाली. तिच्या मनात आलं: काढली, ह्येंनी पिशवी काढलीच!

दुसऱ्या दिवशी जो तो तिच्याशी गोड बोलू लागला. न मागता चहा आला. तिनं तो तोंडाला लावला नाही.

"उगं कावून गोड बोलतेत गं हे?" तिनं खाटेशी बसलेल्या कडूबाईला विचारलं. धुळाजी चिडला, "लई झालं तुझं. गाठ निघाली न्हवं?"

"काय कमी हुतं ते कळंपत्तुर म्या हितून हालत न्हाई."

संध्याकाळी वच्छला सिस्टर खाटेपाशी येऊन बसल्या. "रक्त टिपायचं एक फडकं आत राहिलं होतं, मावशी. एक्स-रेच्या मशीनवर दिसलं, लगेच काढलं. मी तसं वर लिहून कळवलंय. सरांना आवडलेलं नाही."

थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "चूक आमच्याकडून झाली."

"पिशवी?"

"आहे. हात लावलेला नाही."

"काल इचारलं तवा 'काही नाही' म्हनलात. आज कसा इस्वास धरू?"



टाके निघाले, ती छावणीत परतली, पण मन ठिकाणावर नव्हतं. रात्री पोटावर हात ठेवून पडायची, जणू बाहेरून चाचपून कळणार होतं. आणि एके दिवशी वैरण टाकता टाकता तिला पाळी आली. टँकर आलेला नव्हता, धुवायला तांब्याभर पाणी नव्हतं, तरी ती कडब्याच्या गंजीला टेकून हसत सुटली. कडूबाई धावत आली. कारण कळल्यावर तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. साखराबाईनं हसू आवरून तिचा हात धरला.

पुढं वाडीतल्या शिवकन्याला पोटाच्या दुखण्यानं त्याच दवाखान्यात नेलं, तेव्हा दोघी जावा न बोलावता बरोबर गेल्या. डॉक्टरांनी साखराबाईला ओळखलं. ते खुर्ची ओढून शिवकन्यासमोर बसले आणि काय काढणार, काय नाही, ते सांगू लागले.

"तिच्याकडं बघून सांगा," कडूबाई म्हणाली. "तिच्या नवऱ्याकडं न्हाई."