गव्हाणीखालची पाहुणी

कुत्रीला ओवाळून झाल्यावर मी तिच्या पुढ्यात नारळ फोडला.

घरात नवं कोणी आलं की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, ही आमची रीत. ताम्हिणीच्या घाटात गाडीने उडवलेली, प्राण्यांच्या संस्थेने पाय जोडून बरी केलेली आणि आता आमच्याकडे कायमची राहायला आलेली ही बाई, तिलाच का वगळायचं? बायको म्हणाली, "अहो, आधी तिला श्वास तरी घेऊ द्या." मी कसला ऐकतोय! भाकरतुकड्यापर्यंत ठीक होतं. मग चेव चढला आणि नारळ पायरीवर असा आपटला, की पाणी माझ्या चष्म्यावर आणि कुत्री बायकोच्या हातातून निसटून थेट शेजारच्या गोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीखाली.

तिथून ती हलेना. मी वाटी ठेवून लांब गेलो की खायची. दिसलो की भिंतीत शिरायला बघायची.

गोठा आमच्या घरमालकीण मावशींचा. कोळवणात आम्ही त्यांच्याच दोन खोल्यांत भाड्याने राहतो. मावशी चरवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, म्हस पान्हा चोराय लागली. पायापाशी कुत्रं बसल्यावर दूध उतरंल कसं? एक तर साखळीनं तुमच्या दारात बांदा, न्हाईतर जितनं आलं तितं धाडा. रविवारपतुर बघते मी."

संस्थेतली मुलगी फोनवर गोड बोलली: रुळत नसेल तर आणून सोडा, आमची हरकत नाही.

हरकत माझी होती. कुत्रीच्या मानेभोवती केस गेलेला वळ होता, जुन्या साखळीचा. तो बघून पुन्हा साखळी विकत आणायची? आणि नारळ फोडणारा मी, मग घर तिने का सोडायचं? मावशींना तोंडावर सांगितलं, "बांधणार नाही. धाडणारही नाही."

"मग काय करनार?"

"गोठ्यात बसणार."

"बसा. लाथ बसली तर मला सांगू नका."

लाथ नाही बसली. मटणाचा तुकडा घेऊन रांगत गेलो, तेव्हा म्हशीचं शेणाने भरलेलं शेपूट मात्र तोंडावर बसलं. मग स्टूल आणलं आणि गव्हाणीकडे पाठ करून बसलो. बघितलं की ती घाबरते, तर बघायचंच नाही. आवाजाची सवय व्हावी म्हणून माझ्याच लेखांची फाइल काढली. एकाही मासिकाने न घेतलेले लेख. मोठ्याने वाचू लागलो. भाताच्या खाचरांकडे निघालेल्या बाया दारात थबकल्या. एकीने विचारलं, "काका, पोथी कुत्रीसाठी का म्हशीसाठी?" मी आवाज आणखी चढवला. हसा म्हणावं.

रोज स्टूल थोडं आमच्या पडवीकडे सरकवायचो. वाचता वाचता मागे गवत खसखसायचं. मी वळलो नाही.

रविवारी स्टूल आमच्या पडवीत होतं. वाचत असताना टाचेला काहीतरी उबदार टेकलं. हळूच खाली बघितलं. कुत्री चारी पाय पसरून, पोट उघडं टाकून गाढ झोपलेली. भ्यालेलं जनावर असं झोपत नाही. तेवढ्यात मावशी निकाल लावायला आल्याच. माझी छाती फुगली. "बघा मावशी! साखळी लागली का? माझ्यावर विश्वास बसला, म्हणून झोपली."

मावशींनी कुत्रीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फाइलीकडे.

"इस्वास कसला, भाऊ! त्ये आयकून मलाबी पेंग येतीया."