फरीदेचं चौथं प्रकरण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? टीव्हीवर पाहिलं असेल. परराष्ट्र धोरणाच्या तज्ज्ञ म्हणून बोलावतात मला.

फरीदे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तेहरानहून आलेली, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायची. विषय — भारत-इराण संबंध. माझ्या घरी येताना माझ्या आईसाठी केशर आणायची. आई तिला पोरी म्हणायची.

ती इथे असतानाच इराणच्या अणुकार्यक्रमाच्या प्रश्नावर भारतानं इराणच्या विरोधात मत दिलं. आपला अमेरिकेशी अणुकरार व्हायचा होता. पुण्यातली निम्मी घरं तेव्हा मुलांच्या अमेरिकन व्हिसाकडे डोळे लावून बसलेली. फरीदेनं चौथ्या प्रकरणात लिहिलं — भारतानं सौदा केला आहे; पण पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तानात जायला इराणचं बंदर लागेल, तेव्हा दिल्ली पुन्हा तेहरानच्या दारात येईल.

"सौदा हा शब्द काढ," मी म्हटलं. "जरा सौम्य लिही."

"चूक असेल तर काढते, मॅडम. चूक आहे का?"

चूक नव्हतं. मला अमेरिकेची फेलोशिप हवी होती, म्हणून घाबरले — असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं सांगू? त्याच विषयावर माझं पुस्तक निघत होतं, आणि तिला जे दिसलं ते त्यात कुठेच नव्हतं.

तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. विद्यापीठातून फोन आला. "मॅडम, त्या इराणी मुलीचं काम नीट चालू आहे ना? आपण हो म्हणालात की मुदतवाढीला पाठवतो."

"नाही हो," मी म्हणाले. "नियमित नाही. वाढवण्यासारखं काही नाही."

एवढंच. ती भेटायला आली. "तुम्ही त्यांच्याशी बोलाल?" बोलते म्हणाले. बोलले नाही. नंतर सांगितलं, दोन्ही देशांत सध्या वातावरणच वाईट आहे, माझं कोण ऐकणार? देशांच्या नावावर काय काय खपतं, नाही?

काही वर्षांनी इराणच्या चाबहार बंदरासाठी भारताचा करार झाला. चॅनेलवर मी तिचे मुद्दे मांडले, तिच्याच क्रमानं. निवेदकानं विचारलं, "हे आपण आधीच ओळखलं होतं?" मी हो म्हणाले.

फरीदेची पीएचडी राहिली ती राहिलीच. तेहरानला परत गेली, तिकडे शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा नवरोजला तिचा मेसेज आला — मॅडम, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी किती धडपडलात, मी विसरलेले नाही.

मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.