अबोल्याची लाल ओळ

ऑफिसात त्याला सगळे अबोल्या म्हणत. दिवसभरात तो फार तर ‘हं’ म्हणे, आणि तेही हात कीबोर्डवर अडकलेले असले तरच. बोलायची हौस तो कोडमध्ये भागवून घेई. वेबपेज चालताना आत काय घडतंय हे कळावं म्हणून प्रोग्रामर मधूनमधून संदेश पेरतात. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या खिडकीत, ते उमटतात. इतरांचा संदेश ‘लोड झालं’ एवढाच. याचा, ‘आलं एकदाचं’. पुढे, ‘परत तोच पत्ता विचारतंय, लाज नाही’.

चष्म्यांच्या दुकानांची एक मालकीण ऑर्डर घेणारं पेज त्यांच्याकडून बनवून घेत होती. तिच्या भाच्याने सहज ती खिडकी उघडली आणि मावशीला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बाई गेल्यावर साहेबांनी अबोल्याला शांतपणे सांगितलं, की बाई शुक्रवारी परत येतील तेव्हा ही बडबड दिसली तर त्याने दुसरी नोकरी बघावी.

घरी हे ऐकून बायको रागावली नाही, थक्क झाली. “म्हणजे तू बोलतोस?”

अबोल्याने लॉगिंगचं, म्हणजे असे संदेश हाताळायचं, एक छोटं टूल बसवलं. त्यात प्रत्येक संदेशाला पायरी द्यायची: किरकोळ, माहिती, इशारा, चूक. मग सेटिंगमध्ये एका ओळीत बजावायचं, की लोकांसमोर फक्त चुका दाखव, बाकीचं गिळ. ‘लाज नाही’ किरकोळीत गेलं. साहेबांनी हट्टाने घालायला लावलेल्या ‘पुन्हा विचार करा’ या बटणाच्या कोडमध्ये ‘हे कधीतरी घात करणार’ असं त्याने पूर्वीच लिहून ठेवलं होतं, ते इशाऱ्यात गेलं. पण बटण दाबल्यावर ऑर्डर खरोखर रिकामी होई. तेव्हा उमटणाऱ्या संदेशाला चुकीखेरीज काय म्हणणार? नोकरीचा विचार करून तो बराच वेळ कर्सरकडे बघत बसला. पण वर्गवारीत लबाडी करणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि त्या संदेशाचे शब्द बदलायचं त्याला सुचलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी स्वतःच कन्सोल उघडून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. सगळं चिडीचूप. बाईंनी एक चष्मा निवडला, किंमत पाहिली आणि साहजिकच पुन्हा विचार केला. खिडकीत एकच ओळ उमटली, लालभडक. भाच्याने ती वाचली. त्याला सवयच लागली होती.

“साहेबांच्या बटणाने ऑर्डर खाल्ली.”

साहेब वळले. “हे आधी सांगता येत नव्हतं?”

“इशारा दिला होता,” अबोल्या म्हणाला. “तो तुम्ही बंद करायला सांगितलात.”

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बाईंनी हसू आवरायचा प्रयत्नही केला नाही. “बटण काढा,” त्या म्हणाल्या, “ओळ मात्र राहू द्या. बटण परत आलं तर मला कळायला हवं.”

बटण त्याच दुपारी गेलं. नोकरीचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही.

घरी बायकोने विचारलं, काय झालं.

“हं,” तो म्हणाला. ते माहितीच्या पायरीवरचं ‘हं’ होतं, चुकीच्या नव्हे. तिने निवांतपणे ताट वाढलं.