दसऱ्यापासून मोजलेला झेंडू

सुवर्णाची एकच हौस होती: तिच्या आलेखाबद्दल कुणीतरी काहीतरी विचारावं. मखमलाबादच्या फूलशेतकऱ्यांच्या कंपनीत ती बाजारभावांचे आलेख काढायची. बैठकीत पडद्यावर झेंडूच्या भावाची रेघ उमटली की मंडळी मान डोलवायची, "झ्याक हाय" म्हणायची आणि चहाकडे वळायची. देवळातल्या कीर्तनातसुद्धा याहून जास्त शंका निघतात!

त्यात खालच्या तारखा म्हणजे एकीवर एक चढलेल्या मुंग्या. तिने त्या तिरक्या केल्या, विरळ केल्या, इंग्रजी महिन्यांचे मराठी केले. तरी मंडळी ढिम्म. शेवटी तीन वर्षांच्या तीन रेघांची सरासरी काढून तिनेच सांगून टाकलं की भाव ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढतो आणि रोपाला फूल धरायला दोन महिने लागतात, तेव्हा लागवड ऑगस्ट लागताच करा. गेल्या वर्षीही साधारण त्याच सुमाराला रोपं लावली होती, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. तिचे सासरे सावळीराम आबा तर सुनेच्या शब्दावर अख्ख्या गटाची रोपं रोपवाटिकेत सांगूनही आले.

पुढच्याच आठवड्यात ती ऑफिसात पुन्हा आलेखाच्या त्या खालच्या, तारखांच्या अक्षाशी झटापट करत बसली होती. आलेख काढायला ती संगणकातली जी तयार प्रोग्रॅमची लायब्ररी वापरायची, तिच्यात एक सोय होती. आपण एक छोटं फंक्शन, म्हणजे दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम, लिहून द्यायचं. ते तारीख घेतं आणि तिच्या जागी आपल्याला हवे ते शब्द छापतं. तिला वाटलं, तारखांऐवजी सणच लिहू, निदान बघायला तरी बरं वाटेल. म्हणून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दसरा शोधला. यंदा अधिक महिना आलेला. दसरा पार ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला!

तिने भराभरा तिन्ही वर्षं तारखेऐवजी दसऱ्यापासून मोजली. इकडेतिकडे पांगलेली तीन शिखरं गपकन एकाच जागी येऊन बसली. आनंदाने तिने टेबलावर थाप मारली, आणि मग तिला रोपं आठवली. ऑगस्ट लागताच लावलेल्या झेंडूचा पहिला भरघोस तोडा पितृपक्षात आला असता. तेव्हा फुलाला कोण विचारतं?

संध्याकाळी आबा मोटर बंद करून येत होते, त्यांना तिने बांधावरच गाठलं.

"आबा, माझं चुकलं. रोपं लवकरची सांगितली मी. तुमचा शब्द जाईल."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं एकटीचं कसं चुकलं? कॅलेंडर काय तुझ्याच भिंतीवर हाय? आम्ही बी कुठं बघितलं!" मग त्यांनी तिथूनच रोपवाटिकेला फोन लावला. "बी टाकलं नाय ना अजून? मंग थांबा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची रोपं धरा." पंचमीला जमिनीला कुदळ लावायची नाही, हा तिकडचा नेम. फोन ठेवून ते हसले तेव्हा सुवर्णाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या बैठकीत तिने आधी आपली चूक सरळ सांगितली आणि मग पडद्यावर नवा आलेख लावला. खाली एकही तारीख नव्हती. नागपंचमी, गणपती, गौरी, पितृपक्ष, घटस्थापना, दसरा, दिवाळी, मार्गशीर्ष. मग फूलबाजारात बसणारी आक्काबाई उठली आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"मार्गशीर्षात हे दात कसले?"

"गुरुवार असतील, बायांच्या पूजेचे," मागच्या रांगेतला शेतकरी देवराम म्हणाला.

"मंग शेवटचा एवढा उंच का?"

"उद्यापन असतंय!"

"आन् गणपतीपेक्षा गौरीला भाव जास्त? माझ्या गाळ्यावर तर उलटं हाय!"

सगळेच उठले. कुणी म्हणे रेघ खोटी, कुणी म्हणे तुझा गाळा खोटा. आबा पितृपक्षाच्या खड्ड्यावर बोट ठेवून शेजाऱ्याशी वाद घालत होते. सुवर्णा समजावून सांगायला दोनदा पुढे आली. दोन्ही वेळा आक्काबाईने मागे न बघता तिला हातानेच थोपवलं.

"थांब गं बाई, आम्ही वाचतोय."