वर सरकवलेली स्ट्रिप

धावपट्टी खानदेशातलीच आहे. जळगावची की धुळ्याची ते सांगत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे आणि ज्यांच्याविषयी लिहितेय तेही आहेत.

माझं काम सांगायला सोपं आहे. टॉवरमध्ये बसायचं, आकाशाकडे लक्ष ठेवायचं आणि दोन विमानं एकाच वेळी एकाच जागी येणार नाहीत हे पाहायचं. मोठी विमानं मोजकीच. बाकी दिवसभर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं धावपट्टीभोवती घिरट्या घालतात. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, तिला आम्ही स्ट्रिप म्हणतो. समोरच्या बोर्डावर त्या एकाखाली एक लावतो. वरची स्ट्रिप म्हणजे आधी उतरणारं विमान. हा क्रम ड्यूटीवरच्या कंट्रोलरनं ठरवायचा, दुसऱ्या कुणी नाही.

मी बोदवडला पत्रकांच्या ढिगात वाढले. वडील कार्यकर्ते. रेशन दुकानापासून पाण्याच्या टँकरपर्यंत ज्याच्यावर म्हणून पत्रक निघू शकतं, त्यावर त्यांनी काढलं. ‘रांग सगळ्यांना सारखी’ हे वाक्य वाचता येण्याच्या आधी मला त्या पत्रकाची घडी घालता येत होती. या नोकरीत आले तेव्हा वाटलं, चला, निदान आकाशात तरी कुणी वशिल्यानं पुढे घुसणार नाही.

एप्रिलची दुपार होती, लग्नसराई. आमच्याकडे हल्ली नवरदेवाला हेलिकॉप्टरनं मंडपात न्यायची हौस आली आहे. त्या दिवशीचा नवरदेव फेटा बांधून विमानतळावर येऊन उभा होता आणि त्याला न्यायला रिकामं हेलिकॉप्टर येत होतं. त्याच वेळी हवेत एक शिकाऊ मुलगी होती, शिंदखेड्याकडची. वडील एसटीत कंडक्टर. शिक्षक शेजारी नसताना ती पहिल्यांदाच एकटी उडत होती. एक फेरी मारायची आणि उतरायचं, बस. पण त्या एका फेरीत तिला ऐन वेळी ‘उतरू नको, परत वर जा’ सांगावं लागू नये, याची आम्ही फार काळजी घेतो. म्हणून मी क्रम लावला. वर मुलगी, खाली हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरला उत्तरेच्या तलावावर हवेतच थांबायला सांगायचं होतं.

तेवढ्यात टॉवरचा फोन वाजला. हा नंबर नवरदेवाच्या मामांना कुणी दिला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

“ताई, नवरदेव उन्हमा उभा शे. बठ्ठा पाव्हणा वाट देखी ऱ्हायनात. आमनं आधी उतारा ना.”

“मामा, हा फोन कामाचा आहे. ठेवा.”

“आमनंबी कामच शे ना, ताई. मुहूर्त टळी जाई.”

मी फोन आपटला. ठेवायला मान वळवली तेवढाच वेळ माझी नजर बोर्डावरून हलली होती. हेलिकॉप्टरनं उतरायची परवानगी मागितली. मी बोर्डाकडे पाहिलं तर त्याची स्ट्रिप सगळ्यात वर. रेडिओवर बोलायचं बटण दाबलं, त्याचं नाव उच्चारलं, आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीच्या रेषेत, उन्हाच्या झळांमध्ये हलणारा एक पांढरा ठिपका खाली येत होता. ती मुलगी.

पुढचं वाक्य मी तोंडातच बदललं. हेलिकॉप्टरला तलावावर थांबायला सांगितलं. त्याच्या वैमानिकानं सूचना शब्दशः परत म्हटली. मुलगी उतरली. एकदा उडी मारून, पण उतरली. मग मी मागे वळले.

मागे आमचे वरिष्ठ उभे होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. स्ट्रिप त्यांनी सरकवली होती. नाना दुष्ट नाहीत. जन्मभर सरकारी कचेऱ्यांत मोठ्या माणसाचा कागद वर ठेवत आले, हात आपोआप तिकडे जातो.

“नाना, तुम्ही बोर्डाला हात लावलात?”

“अहो, आमदारांचे पाहुणे आहेत ते. दोन मिनिटांचा तर प्रश्न.”

“दोन मिनिटांत ते दोघं एकाच जागी असते.”

“झालं का काही? नाही ना. आता पत्रक काढू नका.”

खाली शिक्षक आणि सोबतची मुलं त्या मुलीच्या डोक्यावर बादलीनं पाणी ओतत होती. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याचं असंच करतात. ती ओलीचिंब होऊन हसत होती. आपल्या पुढे कोण घुसत होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

पत्रक नाही, पण अहवाल लिहिला. एक पान. नाना दोनदा येऊन म्हणाले, “माझी सहा महिने नोकरी राहिलीय, ताई.” मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण वाईट वाटून घ्यायची जबाबदारीही माझ्यावरच. अहवालात पहिलं वाक्य माझ्याच चुकीचं होतं: खिडकीबाहेर बघण्याआधी मी बटण दाबलं. दुसरं वाक्य नानांचं.

वरून उत्तर आलं. त्यात मला विचारलं होतं की ड्यूटीवर असताना मी खासगी व्यक्तीचा फोन का घेतला. नानांना काहीच विचारलं नव्हतं. फक्त एक सूचना आली आणि ती बोर्डाच्या वर चिकटवायला सांगितली: ड्यूटीवरच्या कंट्रोलरशिवाय कुणीही स्ट्रिपला हात लावू नये. ती नानांनीच चिकटवली, चारही कोपऱ्यांना टेप लावून, अगदी सरळ.

गेल्या आठवड्यात एका पुढाऱ्याचं विमान येत होतं. नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले.

“ताई, तेवढी एक स्ट्रिप तुम्हीच वर घेता का?”

“नाही, नाना.”

त्यांचे हात तसेच पाठीमागे राहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हवेत तीन शिकाऊ विमानं होती, आणि रांगेत चौथं त्या पुढाऱ्याचं.