फोनवर बरी असलेली बाळंतीण

बाळंतपणानंतर बायकांचं दुखणं किती दडून राहतं, यावर ती पीएचडी करत होती. विभागात तिला सगळे 'चिकट' म्हणत, कारण धरलेला प्रश्न ती सोडत नसे. बाळंतिणींना फोन करून तब्येत विचारायची, एवढंच काम. पण फोन उचलायचे नवरे, नाहीतर सासवा. "बरी आहे ती," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

एकदा असंच ऐकताना मागून कण्हणं ऐकू आलं. तिला राहवेना. पत्ता शोधत ती त्या घरी गेली. बाळंतीण तापाने फणफणली होती, बाळ शेजारी रडत होतं.

"होतंच की एवढं तेवढं बायकांना!" सासू म्हणाली.

वाद न घालता चिकटने रिक्षा बोलावली आणि बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्ग निघाला. बाई थोडक्यात वाचली.

पुढच्या आठवड्यात तिच्या मार्गदर्शक सरांनी तिने जमवलेली माहिती चाळली. "हिला अभ्यासातून वगळ. बाकीच्यांना फोन आणि हिलाच घरभेट, असं चालत नाही."

"पण सर, मग बाकीच्या तरी खरंच बऱ्या आहेत का?"

"तो वेगळा अभ्यास. त्याला समितीची वेगळी मंजुरी लागेल."

सर नियमाला धरून बोलत होते, म्हणून तर तिचं डोकं जास्तच फिरलं. दात-ओठ खात तिने ती बाई वगळली आणि घरभेटींसाठी अर्ज केला. कित्येक महिन्यांनी समितीचं उत्तर आलं: फोनवर सगळ्या बऱ्या आहेत, तर घरी जायची गरज काय?