लाल झालं की जो तो बघायला

पुण्याजवळ माणच्या आयटी पार्कात नोकरीला होतो तेव्हा माझा साखरपुडा दोनदा पुढे ढकलला गेला, तोही एका सर्व्हरपायी. कंपनीचं सगळं काम त्या एका मशिनवर. त्याची मेमरी किती भरली हे दाखवणारं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. मेमरी भरत आली की स्क्रीन लाल व्हायची आणि मेल यायचा. तो मला एकट्याला आला असता तर पुरे होतं. पण आमच्या साहेबांनी हौसेनं अख्ख्या फ्लोअरला लावून दिला!

मग काय विचारता! मारुंजीच्या रस्त्यावर बाइक घसरली की टेम्पोवाल्यासकट सगळे थांबून बघतात ना, तशी गत. लाल झालं की जो तो सर्व्हरवर लॉगिन करून बघणार, काय झालं म्हणून. अरे बाबांनो, प्रत्येक लॉगिन थोडी थोडी मेमरी खातं! उरलीसुरली हे बघेच फस्त करायचे आणि सर्व्हर आडवा. मी घसा फोडून सांगायचो. साहेबांचं एकच, "अरे, लक्ष नको का ठेवायला?" कपाळ माझं! वर माझी सुट्टी रद्द.

शेवटी लातूरहून मुलीच्या वडिलांचा निरोप आला: या वेळीही जमलं नाही तर आम्ही दुसरं स्थळ बघतो. माझ्या घरमालकीणबाईंना सांगितलं तर त्या खदाखदा हसल्या. "आवं, त्या मशिनीशीच लावा की लगीन. ती तर तुमाला सोडत न्हाई!" मला हसू येईना. मुलगी मला मनापासून आवडली होती.

गुरुवारी निघताना मी सर्व्हरवरचं सगळ्यांचं लॉगिन बंद केलं, रोजच्या कामाला ते लागत नव्हतंच, आणि लातूरची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी ऐन अंगठी घालताना साहेबांचा फोन. "अरे, कुणालाच आत जाता येत नाहीये!"

"सर, स्क्रीन हिरवी आहे ना?"

"हिरवी आहे रे, पण आत जाऊन बघितल्याशिवाय खात्री कशी पटणार?"

सासरे माझ्याकडे टक लावून बघत होते. मी फोन बंद करून खिशात टाकला आणि अंगठी घातली.

सोमवारपर्यंत सर्व्हर ठणठणीत होता. आल्या आल्या साहेबांनी लॉगिन सुरू करायला लावलं. मधल्या काळात काही बिघडलं तर नाही ना, हे बघायला सगळे एकदम आत घुसले. जेवणाच्या सुट्टीआधीच सर्व्हर आडवा.

"बघ," साहेब म्हणाले, "तू सुट्टीवर गेलास की हे असं होतं. लग्नाच्या सुट्टीचं आपण नंतर बघू."